खेजडीची करवंदं

रात्रीचे बारा वाजले की तारीख बदलते, हे मला शाळेत शिकवलं होतं. त्या धड्यावर मी पैकीच्या पैकी मार्कही मिळवले होते. पण त्या ज्ञानाचा आयुष्यात उपयोग करायची एकुलती एक संधी आली, तेव्हा सपशेल नापास झालो.

आमच्या राजस्थानच्या तिकिटावर बारा तारीख होती. गाडी बोरिवलीला यायची ती मध्यरात्र उलटल्यावर काही मिनिटांनी. मी बारा तारखेला संध्याकाळी शांतपणे आमटी-भात जेवलो, होल्डॉलचे पट्टे आवळले, कॅमेऱ्याची बॅग गळ्यात अडकवली आणि बायकोला घेऊन रिक्षाने स्टेशनवर गेलो. गाडी आली. नेमकी त्या दिवशी ती वेळेवरही आली. आमच्या जागांवर एक गुजराती कुटुंब पांघरुणं घेऊन झोपलं होतं. मी त्यांना उठवलं. "रिझर्वेशन है हमारा, मजाक है क्या?" असं सगळ्या डब्याला जाग येईल इतक्या आवाजात विचारलं. तिकीट तपासनीस आला. त्याने तिकीट पाहिलं, मग मला पाहिलं, आणि तिकीट माझ्या हातात न देता बायकोच्या हातात देत म्हणाला, "ताई, तुमची गाडी काल गेली."

गाडी निघून गेल्यावर फलाटावर आम्ही दोघं, एक होल्डॉल, एक ट्रंक, पाण्याचा फिरकीचा तांब्या आणि कॅमेऱ्याचा तीन पायांचा स्टँड असे सगळे रांगेत उभे राहिलो.

"चल घरी," मी म्हणालो.

"कुठल्या घरी?" बायकोने विचारलं.

प्रश्न रास्त होता. आमच्या इमारतीत कुणी लांबच्या प्रवासाला निघालं की शेजाऱ्यांनी हातावर दही घालायची पद्धत होती. त्या संध्याकाळी मी पाच बिऱ्हाडांचं दही चाटलं होतं. दही घालताना प्रत्येकाने आपापली मागणीही घातली होती. कुणाला लाखेच्या बांगड्या, कुणाला पापड. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी मोजडीसाठी वर्तमानपत्राच्या कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीने त्याची रेघ काढून दिली होती. तळमजल्यावरच्या मालवणी काकू तर फाटकापर्यंत आल्या होत्या. अशा घरी दुसऱ्या दिवशी सकाळी होल्डॉलसकट परत जाऊन सांगायचं काय? तर साहेबांना तारीख कळली नाही.

तरीही मी एकटा असतो तर गेलो असतो. मला अपमानाची सवय होती, सरकारी कचेरीत नोकरी होती. पण हिची गोष्ट वेगळी. ही ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं. आमच्याकडे माणसं मे महिन्यात कोकणात जायची आणि जूनमध्ये परत यायची. राजस्थानला निघालेली इमारतीतली पहिली बाई ही. मुलांना आजोळी पाठवून नवराबायकोच निघालेली, हाही पहिलाच प्रकार. महिनाभर जिन्यात दुसरा विषय नव्हता.

आणि तिला खरोखर जायचं होतं. तिच्या शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात म्हणे एक चित्र होतं. उघडा डोंगर, खाली वाळू, वर आभाळ. बाकी काही नाही. आमच्या घराच्या भिंती अशा होत्या की शेजारी कुकरची शिट्टी झाली की आम्ही आमचा गॅस बंद करायचो. "जिथे हाक मारली तर ओ द्यायला कुणी नाही, अशी जागा मला एकदा बघायचीय," असं ती लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी म्हणाली होती. मी तिला त्याच वर्षी माथेरानला नेलं. तिथे हाक मारायच्या आत सात जण ओ देत होते.

"मी त्या जिन्याने आज वर चढणार नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, हे वाईट लक्षण होतं.

दुसरी तिकिटं मिळणं शक्य नव्हतं. मे महिना होता, दीड महिना आधी रांगेत उभा राहिलो तेव्हा ही मिळाली होती. पहाटेपर्यंत आम्ही वेटिंग रूममध्ये बसलो, आणि पहिल्या गाडीने दादरला उतरून, पूल ओलांडून, मुलुंडला तिच्या थोरल्या बहिणीकडे गेलो.

आता मुलुंड हे ठिकाण कुणाला लपायला योग्य वाटणार नाही. पण त्या काळच्या पश्चिम रेल्वेवरच्या माणसाला मुलुंड म्हणजे परमुलूख. आमच्या इमारतीतल्या कुणीही मुलुंड पाहिलेलं नव्हतं. मध्ये सगळं जंगल आणि डोंगर, त्याच्या पलीकडे मध्य रेल्वे, तिथली माणसं काय खातात आणि कुठे कामाला जातात याची आम्हाला फारशी कल्पना नसे. जोधपूरला कुणी ओळखीचं भेटण्याची शक्यता मुलुंडपेक्षा नक्कीच जास्त होती.

दार माझ्या साडूने उघडलं. हा गृहस्थ माझ्याहून चार वर्षांनी मोठा, भांडुपच्या एका कारखान्यात नोकरीला, आणि जिभेला हाड म्हणून नाही. त्याने ट्रंक पाहिली, होल्डॉल पाहिला, आणि आत वळून ओरडला, "अगं, राजस्थान आलं! चहा टाक!"

"दादा, जरा हळू," मी म्हणालो.

"हळू कशाला? काय झालं? वाळू संपली काय तिकडची?"

बायकोने घडलेलं सगळं दोन वाक्यांत सांगितलं. मी त्यासाठी अर्ध्या तासाचं निवेदन तयार ठेवलं होतं. साडू पोट धरून हसला. ताई, म्हणजे हिची बहीण, हसली नाही. तिने हिला आत नेलं. आतून नाक शिंकरल्याचा आवाज आला. साडूचं हसणं तेवढ्यापुरतं थांबलं.

"तुझी वाट लागली रे," तो हळू आवाजात म्हणाला. ते खरं होतं.

ठरलं ते असं की आम्ही आठ दिवस मुलुंडला राहायचं, आणि राजस्थानहून परतायच्या दिवशी बोरिवलीला परतायचं.

आता कॅमेऱ्याबद्दल सांगायला हवं. कारण राजस्थान मी कॅमेऱ्यासाठी निवडलं असा बायकोचा आरोप होता, आणि तिनेच निवडलं असा माझा. आमच्या उपनगरात तेव्हा हौशी छायाचित्रकारांचं एक मंडळ होतं. महिन्यातून एका रविवारी शाळेच्या वर्गात, लहान मुलांच्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन आम्ही बसायचो आणि एकमेकांच्या फोटोंना नावं ठेवायचो. अध्यक्ष बँकेतून निवृत्त झालेले. ते तरुणपणी एकदा जैसलमेरला जाऊन आले होते आणि त्या एका फेरीवर त्यांची पुढची सगळी भाषणं निभावली होती. "निसर्गचित्रात माणूस नको. माणूस आला की निसर्ग संपला," हे त्यांचं ब्रीद. त्यापायी आमच्या घरात महाबळेश्वरचा एक अख्खा अल्बम होता आणि त्यातल्या एकाही फोटोत बायको नव्हती. पाहुण्यांना अल्बम दाखवताना ती मला विचारायची, "मी आले होते ना हो तिकडे?"

मी राजस्थानला निघालोय हे कळताच अध्यक्षांनी जूनच्या प्रदर्शनाची मधली भिंत माझ्यासाठी राखून ठेवली. विषय, मरुभूमीतील पर्वत. ती भिंत मला मुलुंडच्या पलंगावर उताणं झोपलो की छतावर दिसायची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडू मला गच्चीवर घेऊन गेला. पश्चिमेला डोंगर होते. पावसाळ्यात ते इतके हिरवे असतात की डोळ्यांना गार वाटतं, पण मे महिन्यात झाडांचे नुसते सांगाडे उरलेले, गवत पिवळं पडून जळालेलं, आणि एका डोंगराचा अर्धा भाग दगडाच्या खाणीने खाऊन टाकलेला. उरलेला सुळका उघडाबोडका, मावळतीच्या उजेडात तांबूस.

"ते बघ," साडू म्हणाला. "तुझं राजस्थान. झकास ना? उद्या जाऊ. मी रजा टाकतो."

"दादा, मी काही ते राजस्थान म्हणून खपवणार नाही."

"नको खपवू ना यार. डोंगर म्हणून काढ. डोंगर आहे की नाही?"

डोंगर होता, हे मला मान्य करावं लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमची मोहीम निघाली. पुढे मी, गळ्यात कॅमेरा, खांद्यावर स्टँड, डोक्याला ओला पंचा. माझ्यामागे साडू, ऑफिसची चप्पल घालून, एका हातात छत्री आणि दुसऱ्यात चहाचा थर्मास. त्यामागे ताई आणि ही, थालीपिठांचा डबा घेऊन. ही यायला तयार नव्हती. "मला खाणी बघायच्या नाहीत," म्हणाली होती. ताईने तिला, तिकडे करवंदं पिकलीत, एवढंच सांगितलं. कोकणातल्या मुलीला मे महिन्यात एवढं पुरतं.

दहा वाजेपर्यंत पायाखालचा दगड असा तापला की साडू चप्पल घालूनही पाय उचलून उचलून टाकायला लागला. पण मी मात्र रंगात आलो होतो. समोर भाजलेला सुळका, खाली खडीचा ढीग असा सैलसर पसरलेला की वाळूची टेकडी वाटावी. काळीपांढरी फिल्म होती, भिंगावर पिवळी काच लावली की आभाळ गडद व्हायचं. फक्त डावीकडची विजेची तार, उजवीकडची कारखान्याची चिमणी आणि मागचा सार्वजनिक नळ चौकटीबाहेर ठेवायचा होता. मी स्टँड रोवला, काळा कपडा डोक्यावर घेतला. खरं तर त्या कॅमेऱ्याला कपड्याची गरज नव्हती, पण उन्हासाठी बरा पडायचा, आणि दिसायलाही व्यावसायिक दिसायचं.

"अहो, सरकू का बाजूला?" खालून हिने विचारलं. ती आणि ताई करवंदीच्या जाळीत वाकल्या होत्या. महाबळेश्वरपासून तिला ही सवयच लागली होती.

"राहू दे, तू दिसत नाहीस," मी म्हणालो. भिंगातून मला खरंच काही दिसत नव्हतं, डोळ्यांत घाम उतरला होता.

तेवढ्यात समोरच्या कड्यावर एक माणूस उगवला. उघडा, कमरेला कपडा, हातात आणखी एक लांब कपडा. त्याने आम्हाला पाहिलं आणि तो कपडा हवेत हलवून जोरजोरात ओरडू लागला. त्या काळात कॅमेरा दिसला की माणसं अशीच हरखायची. मला अध्यक्षांचं ब्रीद आठवलं. पण त्या एवढ्या मोठ्या उघड्या डोंगरावर तो एवढासा माणूस असा काही दिसत होता की मी मंडळाची घटना तात्पुरती स्थगित केली.

"वा!" मी ओरडलो. "तसाच उभा राहा! हात वर! अजून वर!"

तो आणखी जोरात हलवायला लागला. पुढे आला, उड्या मारू लागला. इतका सहकार्य करणारा माणूस मला आयुष्यात भेटला नव्हता. मी एक फोटो घेतला, काच बदलली, दुसरा घेतला.

"अरे ए!" साडू छत्री टाकून ओरडला. "तो फोटोसाठी नाही नाचत! लाल बावटा आहे तो! सुरुंग लावलाय! पळ!"

मग मी काय केलं ते मला आठवत नाही, पण ताईच्या म्हणण्याप्रमाणे मी बायकोच्या आधी स्टँड उचलला. पुढची कित्येक वर्षं प्रत्येक दिवाळीला हे वाक्य आमच्या ताटात वाढलं गेलं. आम्ही चौघं उताराने धावलो. ही सर्वांत पुढे, पदराच्या ओटीत करवंदं घट्ट धरलेली. एका मोठ्या धोंड्याआड आम्ही बसलो आणि मागे असा धडाका झाला की थर्मासच्या आतली काच तिथेच फुटली. खडे पावसासारखे पडले. मग सगळीकडे पांढरी धूळ. धूळ इतकी, की शेजारी बसलेला साडू दिसेना, नुसती त्याची शिवी दिसत होती.

आणि मग एकदम सगळं शांत झालं. खाणीतली यंत्रं सुरुंगाआधीच थांबवलेली होती. पक्षी उडून गेले होते. खाली मुलुंड होतं, पण धुळीच्या पडद्याआड त्याचा आवाजही पोचत नव्हता. आम्ही चौघं पिठाच्या गिरणीतून आल्यासारखे पांढरे होऊन बसलो होतो. उघडा डोंगर, वर धुरकट आभाळ. बाकी काही नाही.

साडू काहीतरी बोलणार होता. ताईने त्याच्या हातावर हात ठेवला.

ही डोंगराकडे बघत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तिकडे असंच असेल ना हो? दिवसभर?"

मी "हो" म्हणालो. मला काय माहीत. मग खाणीतला दगड फोडायचा कारखाना पुन्हा धडधडायला लागला, आणि तिने ओटीतलं एक करवंद पुसून तोंडात टाकलं.

उरलेले दिवस खरेदीत गेले. मुलुंडच्या बाजारात कच्छी आणि मारवाडी दुकानं इतकी, की राजस्थानात मिळालं नसतं तेही मिळालं. बांगड्या झाल्या, पापड झाले. दुकानदाराने कागदावरचं पाऊल पाहून "बहनजी का पंजा चौडा है," असा शेरा मारून मोजडी दिली. कच्ची हिरवी करवंदं निवडून ताईने त्यांचं लोणचं घातलं. राजस्थानात केर नावाच्या छोट्या हिरव्या फळाचं लोणचं घालतात, हे ताईला शेजारणीकडून कळलं होतं. त्याच दिवशी आमचं लोणचंही केराचं झालं.

ठरल्या दिवशी आम्ही बोरिवलीला उतरलो. उन्हाने आमचे चेहरे असे करपले होते की जिन्यात पाऊल टाकताच इमारतीची खात्री पटली. "काय तावून निघालात हो!" म्हणून सगळ्यांनी आम्हाला घेरलं. बायकोने ठरवल्याप्रमाणे अगदी कमी बोलायचं धोरण ठेवलं. "ऊन फार," "पाणी जपून," "डोंगर मोठे." मला मात्र ते जमेना. मी उंटांवर आलो. उंटांवरून वाळूच्या वादळावर आलो. "आणि खायला काय हो?" कुणीतरी विचारलं. मी दाल-बाटीचं असं वर्णन केलं की माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. आठही दिवस ताईने आम्हाला सुके बोंबील आणि भात वाढला होता. बायकोने मागून माझ्या दंडाला चिमटा काढला. मी वादळ अर्ध्यात थांबवलं.

लोणच्याच्या वाट्या घरोघर गेल्या. केर हे नाव ऐकून दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी वाटी आधी हुंगली, मग खाल्ली, मग पुन्हा मागितली. तळमजल्यावरच्या काकूंनी एक फोड तोंडात टाकली, जिभेवर फिरवली, हिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बरा झाला हा." त्यापुढे काही नाही.

जूनमध्ये प्रदर्शन भरलं. फोटो मी आमच्या मोरीत लाल दिवा लावून रात्रीतून धुतले होते, त्यामुळे घरात दोन दिवस आंघोळीची पंचाईत. मी पाकिटावर फक्त "मे महिन्यातला डोंगर" असं लिहून दिलं होतं. हे मुद्दाम सांगतो. पण मी सभागृहात गेलो तेव्हा मधल्या भिंतीवर, अध्यक्षांच्या वळणदार अक्षरात पाटी होती: "मरुभूमीतील हाक. राजस्थान." खाली तो लाल बावट्याचा माणूस, भलामोठा करून लावलेला.

आमची अख्खी इमारत आली होती. हिच्यामुळे आली होती. राजस्थानला जाऊन आलेल्या बाईचे फोटो बघायचे म्हणून बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या होत्या. मला वाटतं त्या संध्याकाळी हिचा शब्द त्या भिंतीवर खिळ्याने ठोकलेला होता, आणि खिळा ढिला आहे हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

अध्यक्षांनी छडी उचलली.

"पाहा," ते म्हणाले. "हा उंटवाला. सूर्य माथ्यावर. याचे उंट दूर वाळूत चुकलेत. आणि हा आपला फेटा सोडून, हवेत फडकावून त्यांना साद घालतोय. मी स्वतः पाहिलंय हे. अगदी हाच डोंगर. जैसलमेरहून थोडं पुढे गेलं की उजव्या हाताला लागतो."

मी बायकोकडे पाहिलं. ती छताकडे पाहत होती.

"माणूस आला की निसर्ग संपतो असं मी नेहमी म्हणतो," अध्यक्ष पुढे म्हणाले. "पण इथे माणूसच निसर्ग झालाय! आणि हा कोपरा पाहा. सहज नजरेतून सुटेल." छडी खाली डावीकडे सरकली. तिथे एका झुडपात कुणीतरी पदर डोक्यावर घेऊन वाकलेलं होतं. धुताना मोरीतल्या उजेडात मला ती धोंड्याची सावली वाटली होती. "ही मरुकन्या. काट्याकुट्यांत पाण्याचा थेंब शोधते आहे. केवढी तहान आहे त्या पाठीत!"

"गं बाई," वहिनी हळहळल्या.

मरुकन्या माझ्या शेजारी उभी होती, हातात पर्स घट्ट धरून.

मग काकू पुढे झाल्या. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि त्या कोपऱ्याला नाक लावून उभ्या राहिल्या. त्या उभ्या आहेत म्हणून सगळे थांबले.

"ह्या झाड खयचा गो?" काकूंनी हिला विचारलं.

हिने पर्स उघडून पुन्हा बंद केली. मी घसा साफ केला. अध्यक्षच मदतीला धावले.

"काकू, ती खेजडी. मरुभूमीचा कल्पवृक्ष म्हणतात तिला."

"खेजडी?" काकू म्हणाल्या. "आमच्याकडे ह्या खेजडेक करवंदा लागतत."

कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्ष मात्र हसले नाहीत. त्यांनी छडी काखेत घेतली आणि समजुतीच्या स्वरात, बँकेत अंगठा उठवणाऱ्याशी बोलावं तसं बोलले. "काकू, करवंद हे कोकण-सह्याद्रीचं झुडूप. वाळवंटात ते उगवूच शकत नाही. हा फोटो वाळवंटातला आहे. त्याअर्थी ते करवंद नव्हे."

इतका बिनतोड युक्तिवाद ऐकून सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. काकू हिच्याकडे बघत होत्या. हिचा चेहरा मी तसा फलाटावरही पाहिला नव्हता. काकूंनी पदर सारखा केला.

"आसात बाबा," त्या म्हणाल्या. "म्हाताऱ्या माणसाक काय दिसता."

पहिलं बक्षीस मला मिळालं. एक कप, त्याचा एक कान हलत होता. अध्यक्षांनी ऑगस्टमध्ये "माझी मरुयात्रा" या विषयावर माझं व्याख्यान जाहीर केलं, मला न विचारता. आणि परतताना फाटकाशी आमच्या इमारतीतल्या चार बिऱ्हाडांनी जाहीर केलं की पुढच्या मे महिन्यात तेही राजस्थानला येणार, आणि नेणार आम्ही. "तुम्हाला सगळं माहितीच आहे!" वहिनी म्हणाल्या. त्यांच्या पायांत मुलुंडची मोजडी कुरकुरत होती.

मी कप बगलेत धरून जिन्याकडे निघालो होतो. हे सगळं मुलुंडला कळवायला हवं, असा विचार मनात चालला होता. पुढे साडूने कळल्यावर एवढंच सांगितलं, की पाऊस पडून गेलाय, आता तुझं राजस्थान हिरवंगार झालंय, फुकट लोकांना इकडे आणू नकोस.

तळमजल्यावर काकूंचं दार उघडं होतं. त्या हिची वाट बघत होत्या. हातात रिकामी काचेची बरणी.

"तां केराचा लोणचा संपला," त्या हिला म्हणाल्या. "ह्याच्यात भरून दी. खेजडेचा."

दोघी एकमेकींकडे बघून असं काही हसल्या की मला कप घेऊन तिथे उभं राहण्याचं कारण उरलं नाही. मी वर गेलो. त्यानंतर आम्ही त्या इमारतीत होतो तोवर दरसाल मे महिन्यात ती बरणी आमच्याकडे यायची आणि भरून जायची. करवंदं मुलुंडहून यायची.

ही थोड्या वेळाने वर आली. मी कप टीव्हीवर ठेवून तो कुठून जास्त चांगला दिसतो ते बघत होतो. तिने कप उचलला, हलणारा कान काढून माझ्या हातात दिला, आणि उरलेल्यात दिवाणावरची रेझगारी ओतली.

"पुढच्या मेची तिकिटं मी काढणार," ती म्हणाली. "मध्यरात्रीची गाडी नको, दिवसाची. तुम्ही दह्यासाठी हात पुढे करायचा, बाकी काही करायचं नाही. आणि तिकडे डोंगर दिसला ना, की थोडा वेळ तो कॅमेरा पिशवीतच राहू द्यायचा. मी सरकणार नाहीये कुठे. मला तो बघायचाय."